भावाला आधी कोणाकडे न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. भाऊ सव्वीस वर्षांचा, एमपीएससीसाठी बार्शीहून पुण्यात आलेला, नारायण पेठेत दोघांबरोबर खोली घेऊन राहतो. मुख्य परीक्षेत थोडक्या गुणांनी गेल्यापासून दोन महिने अभ्यासिकेत जाणं बंद आहे. रात्रभर जागा असतो, दुपारी उठतो, मेसचा डबा तसाच पडून राहतो, घरचा फोन उचलत नाही. आई म्हणते दृष्ट लागली, मामा म्हणतात लग्न लावून द्या, मैत्रीण सांगते काउन्सेलर गाठ आणि ऑफिसातले म्हणतात थेट सायकियाट्रिस्ट. तुम्हाला हवंय ते एवढंच: यातल्या कोणाकडे न्यायचं, थेरपी म्हणजे तिथे नक्की काय करतात, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का, आणि उद्या पोस्ट मिळाली तर हे सगळं आड येईल का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात बरीच वर्षं हेच काम करते आहे. भावाला न भेटता त्याला काय झालंय हे मी सांगणार नाही, कोणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण पुढे कसं जायचं ते सांगता येईल.

बाकी सगळ्याच्या आधी एक काम करा. त्याच्या खोलीवर जा, रूममेट नसताना बसा आणि सरळ विचारा, ‘तुला जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. बहुतेकांना कोणीतरी एकदाचं विचारलं याने मोकळं वाटतं. ‘कधी कधी वाटतं, सगळं संपलं तर बरं’ असं उत्तर आलं तर डॉक्टरची वेळ याच आठवड्यातली घ्या. पण कसं करायचं, कधी करायचं हे त्याच्या मनात ठरलेलं दिसलं, तो वस्तू वाटून टाकत असेल, निरोपाची भाषा बोलत असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. त्याच रात्री ससूनच्या किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्या, १०८ किंवा ११२ ला फोन करा. टेली मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्थाही आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी हेल्पलाइन चालवते; तिथे उपदेश करत नाहीत, ऐकून घेतात. तो गावी गेला तर फवारणीची औषधं कुलुपात राहतील एवढं पाहा. आणि पोलिस केस होईल म्हणून कोणी दवाखान्यात न्यायला कचरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंच नाही.

आता कोणाकडे जायचं ते.

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर. त्यानंतर त्याने एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेलं असतं. आपल्या क्षेत्रात गोळी लिहून देणारा तोच. थायरॉइड, बी-१२, रक्तातलं हिमोग्लोबिन यातलं काही बिघडून माणूस गळून गेलाय का, हेही तो तपासतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण उदास म्हणून आलेल्या माणसाचा थायरॉइड बिघडलेला निघणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मी थेरपी करत बसले असते आणि दोष गळ्यातल्या ग्रंथीत असता.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. मानसशास्त्रातलं एम.ए. किंवा एम.एस्सी. झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्यता दिलेलं एम.फिल. किंवा साय.डी. करून, हॉस्पिटलमध्ये रुग्णांबरोबर काम करून तो तयार होतो. मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी हे त्याचं काम. काउन्सेलर किंवा समुपदेशक हा गट मात्र फार पसरट आहे. त्यात एम.ए. करून, पुढे चांगल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकलेली माझ्याहून सरस माणसं आहेत, आणि दोन शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावणारेही आहेत. पाटी दोघांचीही सारखीच दिसते. चौथा माणूस लोकांना सहसा माहीतच नसतो: सायकियाट्रिक सोशल वर्कर. रुग्ण हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याची नोकरी, घरच्यांची समजूत, सरकारी कागदपत्रं, पुनर्वसन हे सगळं तो बघतो. स्किझोफ्रेनियासारखा लांबचा आजार असलेल्या घरात मला तर त्याचं काम डॉक्टरइतकंच मोलाचं वाटतं.

पुण्यात पाटीवर विश्वास ठेवण्याची आपल्याला सवय आहे, पण इथे पाटीपेक्षा नोंदणी क्रमांक बघा. डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआयचा सीआरआर क्रमांक. दोन्ही नोंदी त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतात. काउन्सेलरला विचारा: पदवी कुठली, कोणत्या थेरपीचं प्रशिक्षण, सध्या कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता? चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. राग आला तर उत्तर मिळालंच. पूर्वजन्मात नेऊन आणणारे, सबकॉन्शस तीन तासांत ‘रीप्रोग्रॅम’ करून देणारे, मुलांच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी ती डीएमआयटी चाचणी, या कशालाही शास्त्राचा आधार नाही. डीएमआयटीसाठी तर शाळेत शिकवणारे पालकसुद्धा हजारो रुपये मोजताना मी पाहते. असो.

कोणाकडे आधी जायचं यासाठी मी एकच कसोटी वापरते. झोप, भूक, शरीराची हालचाल किंवा वास्तवाचं भान बिघडलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. हे सगळं बऱ्यापैकी ठीक आहे, पण विचार, भीती, नाती, एखादा निर्णय, एखादं दुःख यात माणूस अडकलाय, तर आधी सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर. तुमच्या भावाची झोप आणि भूक दोन महिने गेलेली आहे, म्हणून मी त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवीन. एक भेट, रक्ताच्या तपासण्या, आणि मग पुढे गोळी लागते की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्याच आठवड्यात थेरपीही सुरू करता येते. पहिलं दार चुकलं तरी फार बिघडत नाही, कारण नीट शिकलेला माणूस तुम्हाला पुढच्या दारापर्यंत स्वतःच पोचवतो. मी पाठवते. माझ्याकडेही पाठवतात. जो म्हणतो ‘गोळ्या म्हणजे विष, मी बोलून बरं करतो’ किंवा ‘बोलून काय होणार, गोळी घ्या’, तो कितीही नावाजलेला असला तरी मला खटकतो.

थेरपी म्हणजे गप्पा नव्हेत आणि धीर देणंही नव्हे. साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, ठरलेल्या वेळी भेटायचं. पहिल्या एकदोन भेटी माहिती घेण्यातच जातात, त्यामुळे ‘गेलो पण काहीच सांगितलं नाही’ अशी तक्रार घेऊन लोक घरी जातात. सांगायचं नसतंच. नंतर काय बदलायचंय ते दोघांनी मिळून ठरवायचं.

डिप्रेशनसाठी सगळ्यात जास्त तपासून पाहिलेली पद्धत म्हणजे सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. साधारण बारा ते वीस भेटींत ती पुरी होते. तुमच्या भावासारख्या मुलाबरोबर मी विचारांपासून सुरुवात करत नाही, वेळापत्रकापासून करते. तो म्हणणार, ‘मूड आला की उठीन.’ डिप्रेशनमध्ये मूड येत नाही, म्हणून माणूस काही करत नाही, काही करत नाही म्हणून काहीच बरं वाटत नाही, आणि ते बरं न वाटणं हाच ‘मी संपलो’ याचा पुरावा होतो. हे वर्तुळ कृतीच्या बाजूने तोडायचं. झोप कधीही लागो, सकाळी साडेआठला उठायचं. खोलीपासून ओंकारेश्वरापर्यंत चालत जाऊन यायचं, एवढंच. अभ्यासाचं नाव नाही. संध्याकाळी वहीत लिहायचं: आज काय केलं, त्यात बरं किती वाटलं, शून्य ते दहा, जमलं किती, शून्य ते दहा. मुलं सुरुवातीला सगळीकडे शून्य घालतात. आठवड्याभराने कुठेतरी तीन दिसतो, बहुतेक वेळा ज्या दिवशी कोणाबरोबर तरी चहा घेतलाय त्या दिवशी. तो तीन आम्ही दोघं मिळून बघतो. त्याला कोणीतरी ‘सकारात्मक विचार कर’ असं शंभरदा सांगून झालेलं असतं. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला तीन त्याला खोटा म्हणता येत नाही.

मग विचार. ‘मी नापास झालो’ ही घटना. ‘मी निरुपयोगी आहे, आईबापाच्या पैशावर जगतोय, गावात तोंड दाखवायची सोय नाही’ हा त्या घटनेचा त्याने लावलेला अर्थ. मी त्याला खोडून काढत नाही, तो वाद मी हरणारच. आम्ही त्या वाक्याचे तुकडे करतो. गावातल्या कोणी कोणी तोंड दाखवू नकोस असं म्हटलं? नावं सांग. ज्या रूममेटचा निकालही गेलाय तोही निरुपयोगी का? इथे महाराष्ट्रात आरईबीटी, म्हणजे अविवेकी आग्रह सोडून विवेकाने विचार करायला शिकवणारी थेरपी, बरीच रुजली आहे. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ मध्ये सुरू केली आणि मराठीत ती पोचवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. त्यातला आग्रहाचा मुद्दा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना फार लागू पडतो. ‘मला पास व्हावंसं खूप वाटतं’ आणि ‘मी पास व्हायलाच पाहिजे, नाहीतर मी माणूस नाही’ यातलं दुसरं वाक्य माणसाला पलंगावरून उठू देत नाही. पहिल्या वाक्यात दुःख आहे, पण त्या दुःखासकट अभ्यास करता येतो.

ओसीडीबद्दल, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी तीच तीच कृती पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या आजाराबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या घरांत तो वर्षानुवर्षं लपतो. गॅसची कळ सात वेळा बघणं निदान लोकांना खटकतं तरी. पण सोवळंओवळं, नैवेद्याची भांडी पुनःपुन्हा घासणं, बाहेरून आलेल्याला दारातच कपडे बदलायला लावणं, याला घरात ‘ती फार कडक आहे’ असं कौतुकानेच म्हटलं जातं. सुनेचे हात सोलवटून निघाले, पाण्याचा टँकर रोज लागायला लागला, तेव्हा कुठे कोणीतरी घेऊन येतं. यावरची थेरपी गप्पांची अजिबात नाही. त्यात भीती वाटणारी गोष्ट थोडी थोडी, ठरवून करायची आणि नंतर हात धुवायचे नाहीत, असं बसायचं. अस्वस्थता चढते, शिगेला जाते आणि न धुताही ओसरते, हे शरीराने शिकायचं असतं. समजावून ते शिकवता येत नाही. यात घरच्यांचं काम मोठं असतं. ‘आई, धुतले, स्वच्छ आहे’ असं दहा वेळा सांगून धीर देणारा मुलगा नकळत आजारालाच खायला घालत असतो. ते सांगणं हळूहळू थांबवायला त्याला शिकवावं लागतं, आणि ते त्याला आईपेक्षाही जड जातं. ओसीडी असताना एखादा थेरपिस्ट महिनोन्महिने फक्त बालपण उकरत बसला तर दुसरा बघा.

बाकीच्या पद्धतींचा नुसता उल्लेख करते. स्वतःला इजा करणं, भावनांचे टोकाचे चढउतार यांसाठी मार्शा लिनेहन यांची डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. अपघात, हल्ला, लैंगिक अत्याचार यांच्या आठवणी पाठ सोडत नसतील तर ट्रॉमासाठीची, म्हणजे अशा मानसिक आघातासाठीची सीबीटी किंवा डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर. नात्यांतला एकच ढाचा पुनःपुन्हा गिरवला जात असेल तर त्याची मुळं जुन्या अनुभवांत शोधणारी सायकोडायनॅमिक थेरपी; ती लांबते. लहान मुलांसाठी खेळातून चालणारी. आणि कुटुंबाची थेरपी, जिच्यात सगळ्यांना एकत्र बसावं लागतं, म्हणून जिला कोणी तयार होत नाही.

थेरपी चालतेय का, हे कसं ओळखायचं? चारपाच भेटींनंतर भावाला विचारा, ‘तिथे तुम्ही कशावर काम करताय?’ त्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर त्याने थेरपिस्टला तसं म्हणावं. पटत नसेल तर थेरपिस्ट बदलणं हा अपमान नाही, फक्त सांगून बदलावा. जो दुसऱ्या रुग्णाच्या गोष्टी नावानिशी सांगतो, खासगी नातं जोडू पाहतो किंवा मंत्र-ताईत देतो, तिथून मात्र न सांगता निघालात तरी चालेल.

गोळ्यांकडे येते. मी त्या लिहीत नाही, पण त्या घेणाऱ्यांबरोबर रोज बसते. डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, डोकं जड होणं, पोट बिघडणं हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. म्हणजे पहिले दहाबारा दिवस माणसाला नुसता तोटाच दिसतो, आणि नेमक्या याच काळात बहुतेक जण गोळी सोडतात. सुरुवातीच्या त्या दिवसांत, खास करून पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये, अस्वस्थता वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, हेही माहीत असू द्या. पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन असेल तर बरं वाटायला लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. जन्मभर नाही. वारंवार उलटणाऱ्या डिप्रेशनमध्ये जास्त काळ, बायपोलर (उदासी आणि अतिउत्साह आळीपाळीने येणारा आजार) आणि स्किझोफ्रेनियात पुष्कळदा वर्षानुवर्षं लागते. तिथे मधुमेहाच्या गोळ्या बिनतक्रार घेणारं घर मनाच्या गोळ्यांपाशीच का अडतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

सवय लागते का? डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात, म्हणून कमी करत न्यायच्या. झोपेच्या आणि घबराट तात्पुरती शमवणाऱ्या काही गोळ्यांची मात्र खरोखर सवय लागते. त्या थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायच्या. ओळखीच्या केमिस्टकडून ‘परवाचीच दे’ म्हणून आणायच्या नाहीत. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: याआधी कधी भाऊ चारपाच दिवस जवळजवळ न झोपता भलताच उत्साही होता का, वारेमाप खर्च, मोठमोठे बेत, भरभर बोलणं असं काही? घरात कोणाला तसं झालंय का? असेल तर हे बायपोलर असू शकतं आणि तिथे नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर पारडं उलट्या बाजूला झुकू शकतं. ही माहिती रुग्ण देत नाही, त्याला तो काळ त्रासाचा वाटलेलाच नसतो. ती तुमच्यासारखी बहीणच देते.

दारू, गांजा याबद्दलही विचारा. पेठेतल्या खोल्यांमध्ये झोप येत नाही म्हणून सुरू झालेलं पिणं मला बऱ्याचदा दिसतं. तसं असेल तर येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं.

येरवडा म्हटलं की पुण्यात हसायची पद्धत आहे, ‘याला येरवड्याला पाठवा.’ तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून, गोळ्या घेऊन लोक संध्याकाळी घरी जातात. कोणाला तिथे कायमचं ‘टाकून’ देता येत नाही. दाखल करण्याचे, तपासणीचे, घरी सोडण्याचे नियम २०१७ च्या कायद्याने ठरवून दिले आहेत. शॉक ट्रीटमेंटचं चित्रही लोकांच्या डोक्यात जुन्या सिनेमातलं असतं. स्नायू सैल करणारं औषध आणि भूल दिल्याशिवाय ती द्यायला याच कायद्याने बंदी आहे, आणि खाणंपिणंही सुटलेल्या गंभीर डिप्रेशनमध्ये तिच्याइतकं लवकर उपयोगी पडणारं फारसं काही नाही.

एरवी मदत कधी घ्यायची, तेही सांगते. उदासी, चिंता किंवा रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज राहिलं आणि त्यामुळे काम, झोप, नाती यातलं काही मोडायला लागलं, की वेळ झाली. दुःखाला कारण आहे म्हणजे उपचार नकोत, असं नसतं. छातीत धडधड, श्वास अडकणं, हातापायाला मुंग्या, आता मरतो असं वाटणं, आणि ईसीजी दर वेळी नॉर्मल, तर पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र घबराटीच्या झटक्याचा विचार करा. अर्थात पहिला ईसीजी काढायचाच. न दिसणाऱ्यांचे आवाज ऐकू येणं, जेवणात कोणी काही घालतंय असा संशय, असलं काही असेल तर थांबूच नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोनतीन आठवड्यांत सून झोपेनाशी झाली, भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर ती तातडीची बाब आहे. ‘ओली बाळंतीण आहे, बाहेरचं लागलं असेल’ म्हणत देवऋषीकडे दोन दिवस घालवले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आईने नारळ उतरवून टाकला तर टाकू द्या. त्यावरून भांडून तिला विरोधात घालवू नका, तिच्या हातचं जेवण आणि तिचा शब्द पुढे लागणार आहे. फक्त नारळही आणि डॉक्टरही.

म्हाताऱ्या माणसांचं गणित मात्र वेगळं. मुलं परदेशी आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघंच, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. सत्तरीपुढचा माणूस एकदोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर आधी फिजिशियन. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेली एखादी गोळी, डोक्याला लागलेला मार, असलं काही निघतं. ते मनाचं नाही, शरीराचं आहे आणि ते तासांवर मोजायचं असतं.

नोकरीचं. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला कायद्याने आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या अपवादांखेरीज डॉक्टर ती कोणाला देत नाही. डिप्रेशनवर उपचार घेतले एवढ्यावरून माणूस कामाला अपात्र होत नाही. वैद्यकीय तपासणीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं, बरं झाल्याचं डॉक्टरांचं पत्र जवळ असावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, म्हणजे कायदा या माणसांना नोकरीबाहेर ठेवायला नाही, आत घ्यायला बघतो. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, आत्ता आहे त्या अवस्थेत तो पुढची पूर्वपरीक्षाच देऊ शकणार नाही. नोकरीच्या भीतीने उपचार टाळणं हा हिशेब जुळत नाही.

खर्च. खासगीत थेरपीच्या एका भेटीला पुण्यात साधारण हजार-दीड हजारांपासून पुढे लागतात, आणि त्या आठवड्याला असतात, हे आधी ठरवून घ्या. परवडत नसेल तर ससूनचा मानसोपचार विभाग आणि त्याच आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, नारायण पेठेतून बसने पोचता येतं. औंधच्या जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर जा. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था आहे. पुष्कळ खासगी थेरपिस्ट विद्यार्थ्यांना फी कमी करतात, पण विचारावं लागतं, आणि आपण विचारत नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायचा हे २०१७ च्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात बऱ्याच पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात, तेवढी तुमची तपासून घ्या.

राहिलं, तो तयार नाही झाला तर. ‘तुला डिप्रेशन आहे, डॉक्टरकडे चल’ असं म्हणू नका. तो म्हणेल मी वेडा नाही, आणि संवाद संपेल. त्याला जे स्वतःला नको झालंय ते धरा. बहुतेकदा ती झोप असते. ‘दोन महिने तू झोपला नाहीस, झोपेसाठी एकदा दाखवू या, मी बाहेर बसते, आत काय बोललास ते विचारणार नाही.’ हा शब्द पाळा. वेळ आधीच घेऊन ठेवा, सकाळची नको, दुपारी चारनंतरची घ्या, सकाळी त्याला उठवताना भांडण होईल. आईला फोनवर आठवडाभर परीक्षेचं नाव काढू नका म्हणून सांगा. एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती, वजन उतरलंय का, कुटुंबात कोणाला असा त्रास, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आत गेल्यावर अर्धं आठवत नाही.

आणि तरीही तो नाहीच आला, तर ती वेळ रद्द करू नका. तुम्ही एकट्या जा. घरच्यांनी येऊन रुग्णाबद्दल बोलणं हे आमच्याकडे रोजचं आहे, त्याला कसं बोलतं करायचं, कुठे थांबायचं, कुठली लक्षणं दिसली तर जबरदस्तीने न्यायचं, हे समोरासमोर ठरवता येतं. तुमच्या पत्रावरून दिसतंय की झोप तुमचीही उडालेली आहे. तेही त्या भेटीत सांगा.